हो किंवा नाही

आज थोडा वेळ एका न्यायमूर्तींच्या सोबत बसू या. त्या आता हयात नाहीत. त्यांचा मुलूख आपला नाही, कायदेही आपले नाहीत. रोझ एलिझाबेथ बर्ड हे त्यांचं नाव. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या त्या जवळपास दहा वर्षं सरन्यायाधीश होत्या. अमेरिकेत प्रत्येक राज्याला स्वतःचं सर्वोच्च न्यायालय असतं आणि त्या राज्याच्या कायद्याचा अखेरचा अर्थ तिथेच लागतो. कॅलिफोर्नियात हे काम सात न्यायमूर्ती करतात. त्या सातांत बसलेल्या बर्ड या पहिल्या स्त्री. आणि मतदारांनी ज्यांना मतपत्रिकेवरून घरी पाठवलं, त्या राज्यातल्या पहिल्या सरन्यायाधीशही त्याच.

वाचायची घाई नको. मध्ये मध्ये एखादा प्रश्न येईल, तिथे थांबा. उत्तर सुचलं तरी लगेच पुढे जाऊ नका. ते विचारातून आलं की नुसत्या सवयीतून, एवढं बघा.

न्यायालयात शिरण्याआधी एका शेतात जाऊ.

सॅलिनास खोऱ्यात दूरवर लेट्युसचे वाफे पसरलेले असतात. रोपं वर आली की विरळणी करायची, तण काढायचं. हे काम मुख्यतः मेक्सिकन मजूर करत, आणि १९७५ पर्यंत त्यांच्या हातात असे आखूड दांड्याचं, कुदळीच्या घाटाचं अवजार. दांडा जेमतेम हातभर. आपल्याकडे खुरपणी करणारी बाई निदान उकिडवी बसून पुढे सरकते. इथे बसायला सवड नसे. कमरेत दुमडून, मान खाली घालून, सरी संपेपर्यंत चालत राहायचं. सरी संपली की दुसरी. मुकादमांना दांडा आखूडच हवा होता, कारण दुरून एक नजर टाकली की कोण वाकलेलं आहे आणि कोण ताठ उभं आहे ते कळे. ताठ उभा दिसला, म्हणजे काम थांबवलं.

आता स्वतःच्या पाठीकडे लक्ष द्या. वाचताना ती कशी आहे? कुठे टेकलेली आहे, कुठे ताणलेली? पाच मिनिटं कमरेत वाकून राहिलात तर काय होईल, याची कल्पना करा. मग दिवसभर. मग हंगामभर. मग दहा वर्षं.

राज्याच्या औद्योगिक सुरक्षा विभागाचं म्हणणं होतं की असुरक्षित अवजार म्हणजे ज्याने अपघात होतो ते. यंत्रात बोट सापडलं, पातं उडालं, तर अपघात. या कुदळीने कधी कुणाला अशी इजा झाली नाही, म्हणून ती सुरक्षित. गरीब शेतमजुरांसाठी विनामूल्य लढणाऱ्या वकिलांनी या अर्थाला न्यायालयात आव्हान दिलं. पाठ एका दिवसात मोडली नाही, दहा वर्षांत मोडली, तर अपघात कुठल्या तारखेला झाला? या प्रश्नापाशी जरा रेंगाळा. कायद्याला तारीख हवी असते, जागा हवी असते, साक्षीदार हवा असतो. हळूहळू होणाऱ्या इजेकडे यातलं काहीच नसतं. १९७५ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने विभागाचा संकुचित अर्थ फेटाळला. दीर्घ वापराने शरीर मोडणारं अवजारही असुरक्षित ठरू शकतं, असं सांगितलं.

त्या निकालात बर्ड नव्हत्या. त्याच वर्षी त्या गव्हर्नर जेरी ब्राऊन यांच्या मंत्रिमंडळात शेती आणि सेवा खात्याच्या प्रमुख म्हणून आल्या. त्या राज्याच्या मंत्रिमंडळातली ती पहिली स्त्री. काही महिन्यांत आखूड कुदळीवर बंदी आली. शेतमजुरांना गुप्त मतदानाने आपली संघटना निवडण्याचा हक्क देणारा कायदाही त्याच वर्षी झाला. या दोन्हींच्या श्रेयात बर्ड यांचं नाव घेतलं जातं. शेतात माणसं ताठ उभी राहून काम करू लागली. मोठे शेतमालक हे विसरले नाहीत. तीन वर्षांनी बर्ड यांचं नाव मतपत्रिकेवर आलं, तेव्हा विरोधाच्या आघाडीवर तेच होते.

बर्ड यांचा जन्म १९३६ चा, ॲरिझोनातल्या टूसानजवळचा. वडील लहानपणीच गेले. आई मुलांना घेऊन न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडला आली आणि तिने प्लॅस्टिकच्या कारखान्यात काम करून घर चालवलं. मुलगी शिष्यवृत्तीवर शिकली, बर्कलीला कायदा केला, नेवाडाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्तींची विधी साहाय्यक झाली. त्या न्यायालयात हे काम करणारीही ती पहिलीच बाई. हे सगळं भरभर सांगतो आहोत, कारण थांबायची जागा पुढे आहे.

१९६६ ते १९७४ या काळात बर्ड सांता क्लारा जिल्ह्यात सरकारी खर्चाने आरोपींचा बचाव करणाऱ्या वकील होत्या. ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत, त्याच्या बाजूला उभं राहायचं. त्याने गुन्हा केला असेल वा नसेल, उभं राहायचं. दुसऱ्या टेबलावर सरकारी वकील, त्यांच्यामागे पोलीस, त्यांच्यामागे सगळं गाव.

स्वतःला त्या टेबलाशी आणा. तुमच्या शेजारी बसलेल्या माणसाने वाईट काम केलं आहे असं तुम्हाला आतून वाटतं. पण ज्या कागदावर पोलिसांनी झडती घेतली, तो कागद नीट नव्हता. तुम्ही उभे राहता आणि तो कागद न्यायाधीशांना दाखवता. का? त्या माणसासाठी? की उद्या त्याच कागदावर ज्याच्या घरात पोलीस शिरतील, त्या कुणा दुसऱ्यासाठी? उत्तर दोन्ही असू शकतं. कोणतं आधी येतं, ते बघा.

१९७७ च्या फेब्रुवारीत ब्राऊन यांनी त्यांना थेट सरन्यायाधीशपदी नेमलं. बर्ड तेव्हा ४० वर्षांच्या होत्या आणि त्याआधी एक दिवसही न्यायाधीशाच्या आसनावर बसल्या नव्हत्या. नेमणूक पक्की करणाऱ्या तिघांच्या आयोगात दोघांनी होकार दिला, एकाने नकार. अनुभवाचा आक्षेप निराधार नव्हता. ज्येष्ठ सहकाऱ्यांना डावलून बाहेरून आलेली व्यक्ती वर बसली की कुठल्याही कचेरीत जे होतं, ते तिथेही झालं. सरन्यायाधीशांसाठीची आलिशान गाडी त्यांनी नाकारली. काहींना तो साधेपणा वाटला, काहींना आधीच्यांवरचा शेरा.

आणखी एक गोष्ट. नेमणुकीच्या आदल्या वर्षीच त्यांच्यावर स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली होती. आजार पुन्हा उलटला. पुढची सगळी वर्षं त्या हे जाणून काम करत होत्या. दुसऱ्यांच्या मृत्यूचे कागद त्यांच्यापुढे येत आणि स्वतःचा मृत्यूही लांब नसे. यातून काही अनुमान काढायचा मोह होतो. तो आवरू या. आपण त्यांच्या मनात शिरू शकत नाही. त्यांनी दिलेली मतं मात्र समोर आहेत.

तर आता त्या मतांपाशी बसू. हीच आजची मुख्य जागा आहे.

थोडा इतिहास आधी लागेल. १९७२ साली याच न्यायालयाने मृत्युदंड राज्यघटनेविरुद्ध ठरवला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात मतदारांनी घटना बदलून तो परत आणला. १९७८ साली आणखी एका सार्वमताने त्याची व्याप्ती वाढवली. म्हणजे लोकांनी दोनदा, अगदी स्पष्टपणे, आपल्याला काय हवंय ते सांगितलं होतं. आणि त्या राज्यात मृत्युदंडाचा प्रत्येक खटला आपोआप अपिलात थेट सर्वोच्च न्यायालयापुढे येतो. न्यायमूर्तींना नको म्हणायची सोय नाही.

बर्ड यांच्यापुढे असे साठाहून अधिक खटले आले. प्रत्येक खटल्यात त्यांनी मृत्युदंड रद्द करण्याच्या बाजूने मत दिलं. एकही अपवाद नाही.

थांबा. हे वाचल्यावर मनात जे पहिलं उमटलं, ते तसंच राहू द्या.

काहींच्या मनात येईल, केवढं धैर्य. काहींच्या मनात येईल, साठ वेळा तेच उत्तर असेल तर तो न्याय कसला, तो आधीच ठरलेला निर्णय. दोन्हींना थोडा थोडा वेळ देऊ.

आधी फाईल उघडू. बहुतेक खटल्यांत न्यायालय आरोपीला निर्दोष ठरवत नव्हतं. दोष कायम राही, शिक्षा रद्द होई आणि शिक्षेपुरता खटला पुन्हा चाले. नवा कायदा घाईत लिहिलेला होता. त्यातल्या शब्दांचे अर्थ लागायचे होते. १९८३ साली न्यायालयाने ठरवलं की दरोड्यासारख्या गुन्ह्यात माणूस मेला, तर मृत्युदंडासाठी आरोपीचा ठार मारण्याचाच हेतू होता हे ज्युरीने ठरवायला हवं. त्याआधी चाललेल्या अनेक खटल्यांत ज्युरीला हे सांगितलंच गेलं नव्हतं. एका तत्त्वाने कित्येक शिक्षा एकदम डळमळल्या. दुरून पाहणाऱ्याला ती मालिका हट्टाची वाटली. आतून पाहिलं तर एकच उणीव अनेक फायलींत होती.

आता एक अवघड फाईल. एका माणसाने दोन वर्षांच्या मुलीला पळवून, छळून मारलं होतं. त्याच्या वह्या पोलिसांनी जप्त केल्या, त्यात त्याने स्वतःबद्दल लिहिलेलं होतं. झडतीचा वॉरंट फार सैल होता, काय शोधायचं हे त्यात नेमकेपणाने लिहिलेलं नव्हतं. १९८५ साली न्यायालयाने दोष कायम ठेवला, मृत्युदंड रद्द केला. पुढे नव्या ज्युरीने त्याला पुन्हा मृत्युदंडच सुनावला.

त्या मुलीचं घर डोळ्यांपुढे आणा. तिच्या माणसांना आणखी एकदा न्यायालयात बसावं लागलं, पुन्हा ते सगळं ऐकावं लागलं. हे दुःख खरं आहे आणि ते त्या निकालामुळे वाढलं, हे कबूल केल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. अशा घरांतली माणसं पुढे बर्ड यांच्याविरुद्धच्या प्रचारात उभी राहिली. त्यांना कुणी वापरून घेतलं असं म्हणून त्यांचा राग बाजूला सारता येणार नाही.

मग त्या वॉरंटकडे पाहा. तो कागद नीट असता तर शिक्षा कदाचित टिकली असती. न्यायमूर्तीने काय करायचं? यावेळी गुन्हा इतका भयानक आहे, म्हणून कागदाकडे काणाडोळा करायचा? पुढच्या वेळी कमी भयानक गुन्ह्यात? रेघ कुठे ओढायची, आणि ती कुणाच्या रागाने?

या प्रश्नाला सोपं उत्तर नाही. तो थोडा वेळ तसाच मनात राहू द्या.

आता दुसरी बाजू, तितकीच शांतपणे. सहकारी न्यायमूर्तींनाही काही शिक्षा योग्य वाटल्या आणि त्यांनी त्या कायम ठेवल्या. बर्ड यांना एकही वाटली नाही. साठांत एकही फाईल स्वच्छ नव्हती? त्याच काळात आपल्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी बचनसिंग खटल्यात एकट्याने वेगळं मत दिलं. मृत्युदंडच घटनेविरुद्ध आहे, असं त्यांनी उघड लिहिलं. बाकी चौघांनी तो दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणासाठी राखून ठेवला. भगवतींची भूमिका पटो न पटो, ती समोर ठेवलेली होती, तिच्याशी वाद घालता येत होता. बर्ड यांची वाट प्रत्येक फायलीतून जात राहिली, दोष दाखवत राहिली. त्यांनी आपलं मूळ मत एकदा सरळ मांडलं असतं तर लोकांना ते अधिक प्रामाणिक वाटलं असतं का? मला वाटतं, हो. पण हेही खरं, की मृत्युदंडाला मनापासून मानणारा न्यायमूर्तीसुद्धा त्यातल्या पुष्कळ फायली परत पाठवायला बांधील होता.

आता न्यायासनावरून उतरून मतदान केंद्रात येऊ.

कॅलिफोर्नियात न्यायमूर्तींच्या नावापुढे मतपत्रिकेवर एवढाच प्रश्न असतो, की या व्यक्तीने पदावर राहावं का? हो किंवा नाही. विरोधी उमेदवार नाही, चिन्ह नाही. अमेरिकेच्या निम्म्याहून अधिक राज्यांत न्यायाधीशांना कुठल्या ना कुठल्या रूपात मतदारांपुढे जावं लागतं. कॅलिफोर्नियात ही पद्धत १९३४ साली आली आणि पुढची पन्नास वर्षं सर्वोच्च न्यायालयातला एकही न्यायमूर्ती तीत हरला नव्हता. १९७८ साली बर्ड अगदी थोडक्यात तरल्या. १९८६ साली त्यांच्याविरुद्ध प्रचंड पैसा उभा राहिला, गव्हर्नर जॉर्ज ड्यूकमेजियन स्वतः विरोधात उतरले आणि सगळा प्रचार मृत्युदंडाभोवती फिरला.

आपल्याकडे न्यायमूर्ती निवडणुकीला उभे राहत नाहीत. उच्च न्यायालयातले ६२ व्या वर्षी, सर्वोच्च न्यायालयातले ६५ व्या वर्षी निवृत्त होतात. त्यांना काढायचं तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत मोठं बहुमत लागतं. म्हणून ही मतपत्रिका हातात धरून बघणं आपल्याला नवं आहे. आपल्या मनातला न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांच्या रूपात बसलेला आहे. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारा, सत्ताधाऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालणारा. ते धैर्य आपल्याला चटकन कळतं, कारण त्या गोष्टीत लोक शास्त्रीबुवांच्या बाजूने आहेत.

पण समोर एक राघोबादादा नसून लाखो सामान्य माणसं असतील तर? त्यांच्यात मुलगी गमावलेली आई असेल, रात्री दार घट्ट लावून झोपणारा म्हातारा असेल. त्यांना भीती वाटते आहे आणि ती भीती खोटी नाही. लोकशाहीत तेच धनी. त्यांच्यापुढे ताठ उभं राहिलेल्या न्यायमूर्तीला आपण काय म्हणू? धीट, की उद्धट? इथे सगळ्यात जास्त वेळ थांबा. सत्तेपुढे न झुकणारा न्यायाधीश आपल्याला हवा असतो. आपल्यापुढे न झुकणारा चालतो का?

४ नोव्हेंबर १९८६ ला सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी 'नाही' म्हटलं. बर्ड यांच्याबरोबर आणखी दोन न्यायमूर्ती गेले, जोसेफ ग्रोडिन आणि क्रूझ रेनोसो. रेनोसो त्या न्यायालयातले पहिले लॅटिनो न्यायमूर्ती. शेतमजुराचा मुलगा, लहानपणी स्वतः शेतात राबलेला. आखूड कुदळीविरुद्ध लढलेल्या वकिलांच्या त्या संस्थेचे ते एकेकाळी प्रमुख होते. तीन जागा रिकाम्या झाल्या, त्या गव्हर्नरांनी भरल्या. हेतूबद्दलचा १९८३ चा निकाल १९८७ सालीच उलटवला गेला. नवं न्यायालय मृत्युदंड मोठ्या प्रमाणात कायम ठेवू लागलं.

हे शेवटचं पुन्हा वाचा. कायद्याचे शब्द तेच होते. फायलीही बऱ्याचशा तशाच होत्या. माणसं बदलली आणि अर्थ बदलला. यातून बर्ड आधी चुकत होत्या असं सिद्ध होतं की नंतरचे घाबरले होते असं? दोन्ही म्हणणारे लोक आहेत. मला एवढंच दिसतं की त्यानंतर आसनावर बसलेल्या प्रत्येकाला १९८६ चा नोव्हेंबर ठाऊक होता. सहा न्यायमूर्तींनी एक फाईल वाचली आणि सातव्याने निवडणुकीची तारीख लक्षात ठेवून वाचली, तर आरोपीला काय मिळालं? नंतरच्या न्यायमूर्तींनी असं केलं, असं मी म्हणत नाही. त्यांच्या मनात तसं काही नव्हतं हे मात्र आता कुणालाच खात्रीने सांगता येणार नाही, त्यांना स्वतःलाही नाही. मतदारांना राग व्यक्त करायचा हक्क होता. त्याची किंमत ही होती.

पद गेल्यावर बर्ड पालो आल्टोला आईजवळ राहिल्या, तिची सेवा केली. इतक्या मोठ्या पदावरून उतरलेल्यांना बड्या वकिली कंपन्यांची दारं सहसा उघडी असतात. बर्ड त्या वाटेला गेल्या नाहीत. पूर्व पालो आल्टोत गरिबांसाठी चालणाऱ्या एका कायदा मदत केंद्रात त्या स्वयंसेवक म्हणून गेल्या. आपण कोण हे सांगितलं नाही. त्यांना कागदांच्या झेरॉक्स काढायचं काम मिळालं आणि त्या ते करत राहिल्या. ४ डिसेंबर १९९९ ला कर्करोगानेच त्यांचा मृत्यू झाला. वय ६३.

आणि ज्या शिक्षेसाठी हे सगळं घडलं, तिचं काय झालं? १९७८ च्या सार्वमतापासून आजपर्यंत कॅलिफोर्नियाने १३ जणांच्याच मृत्युदंडाची अंमलबजावणी केली आहे. पहिला १९९२ साली, शेवटचा २००६ च्या जानेवारीत. बर्ड गेल्या, त्यांच्या जागी मृत्युदंड मानणारे आले, तरी फायली पुन्हा पुन्हा अडकत राहिल्या. कधी वकील मिळेना, कधी संघराज्याच्या न्यायालयाला तोच जुना दोष दिसे. २०१९ साली गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी अंमलबजावणी थांबवली. १९८६ नंतर त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातल्या एकाही न्यायमूर्तीला मतदारांनी काढलेलं नाही.

रोझ बर्ड यांची सगळी मतं मला पटत नाहीत. काही ठिकाणी कायदा ताणलेला दिसतो, काही ठिकाणी सहकाऱ्यांचं म्हणणं अधिक सरळ वाटतं. तरी त्या मंगळवारी माझ्या हातात मतपत्रिका असती, तर मी 'हो'वर खूण केली असती. माझ्या मनासारखा निकाल देणारी न्यायमूर्ती मला नको आहे. माझी फाईल उघडताना बाहेरच्या गर्दीकडे न पाहणारी हवी आहे. तुम्ही कुठे खूण केली असती? लगेच ठरवू नका. ती निकालपत्रं आजही कुणालाही वाचायला मिळतात. त्यातलं एखादं, विशेषतः राग येईल असं, शेवटपर्यंत वाचा आणि मग ठरवा.